हलके ट्रेकिंग बूट: मापात बसले तरच टिकतात

राजगडाच्या उतरणीवर पायाची बोटं बुटाच्या टोकावर आपटायला लागली, की पुढचे दोन तास लक्ष फक्त नखांकडे असतं. चार दिवसांनी अंगठ्याचं नख काळं पडतं आणि खापर फुटतं बूट बनवणाऱ्यावर. बहुतेक वेळा दोष बुटाचा नसतो, मापाचा असतो. आणि हेच चुकलेलं माप पुढे बूटही फाडतं.

ते कसं, हे आधी समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. चालताना पाऊल चवड्यापाशी दुमडतं: अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो, तिथून करंगळीच्या मुळापर्यंतच्या तिरक्या रेषेवर. बूटही त्याच रेषेवर वाकेल असा घडवलेला असतो. बूट एक नंबर मोठा घेतला की या दोन रेषा पाच-सहा मिलिमीटरनी एकमेकींपासून सरकतात. मग वरच्या कापडाला नको तिथे घडी पडते, नेमकी तिथेच शिवण असेल तर दोरा उसवतो, आणि सोलची चिकटवलेली कड प्रत्येक पावलाला थोडी थोडी उचलली जाते. जाड कातड्याचा बूट हे बरेच दिवस सोसतो. हलक्या बुटात सोसायला जास्तीचं सामानच नसतं.

हलका म्हणजे किती, आणि कशाच्या बदल्यात

पुरुषांच्या यूके ८ नंबरात घोट्यापर्यंतचा हलका बूट एका पायाला साधारण ४०० ते ५५० ग्रॅम भरतो, घोट्याखालचा शू ३०० ते ४०० ग्रॅम, आणि जाड कातड्याचा बूट ७०० च्या पुढे. फरक किरकोळ वाटतो. पण कळसूबाईसारख्या ट्रेकला येऊन-जाऊन वीस हजार पावलं सहज होतात, म्हणजे एकेक पाय दहा हजार वेळा उचलला जातो. बुटामागे १०० ग्रॅम वाचले तर दिवसभरात प्रत्येक पायाचं एक टन ओझं वाचलं. पायावरचा एक किलो पाठीवरच्या पाच किलोंबरोबर, हा गिर्यारोहकांचा जुना हिशेबही हेच सांगतो.

हे वजन कुठून तरी कमी केलेलं असतं. अपर म्हणजे वरचं अंग सलग कातड्याऐवजी जाळी आणि स्वेडचं असतं. मधला थर, म्हणजे मिडसोल, ईव्हीए फोमचा असतो. सोल शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो. यात वाईट काही नाही, फक्त तिन्ही जागा ठाऊक हव्यात: जाळीला काटे आणि कुसळं सोसत नाहीत, ईव्हीए दबत जातो, आणि चिकटवलेल्या जोडाला उष्णता आणि ओल दोन्ही सहन होत नाहीत.

माप घरी काढा, तेही संध्याकाळी

दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगतो. सकाळी उपाशीपोटी घेतलेलं माप ट्रेकच्या चौथ्या तासाला खोटं ठरतं. म्हणून माप संध्याकाळी घ्या, आणि ट्रेकला घालणार तेच मोजे घालून.

भिंतीला टेकवून जमिनीवर कोरा कागद ठेवा. टाच भिंतीला चिकटवून त्यावर उभे राहा, वजन दोन्ही पायांवर सारखं. पेन्सिल अगदी सरळ उभी धरून सगळ्यांत लांब बोटापुढे खूण करा. हे बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. स्वतः वाकलात की वजन पुढे जातं आणि माप बदलतं. मग दुसरा पाय. दोन पाय क्वचितच सारखे असतात, तीन-चार मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो. बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यायचा. त्याच कागदावर चवड्याची सर्वांत रुंद जागाही मोजून ठेवा.

आता आकडेमोड. युरोपीय नंबर हा बुटाच्या फर्म्याच्या, म्हणजे ज्या साच्यावर बूट घडवतात त्याच्या, लांबीवरून येतो आणि एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटीमीटर. ४२ नंबर म्हणजे २८ सेंटीमीटरचा फर्मा. पाय २६.५ सेंटीमीटर असेल तर पुढे-मागे मिळून दीड सेंटीमीटरची सवड उरते, ती साध्या चालण्याला पुरते. आपल्याकडे चालणाऱ्या यूके नंबरात एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरचा, अर्ध्या नंबराचा सव्वाचार. जाड मोजा आणि मोठी उतरण असेल तर रोजच्या बुटापेक्षा अर्धा नंबर वाढवायचा. सरसकट एक नंबर वाढवू नका.

ऑनलाइन घेताना इथे घोटाळा होतो. पुरुषांचा यूके ८ हा बहुतेक तक्त्यांत यूएस ९ असतो. डब्यावर नुसता ‘८’ वाचून मागवला आणि तो यूएस निघाला, तर बूट जवळजवळ पूर्ण नंबरानं लहान येतो. नंबराऐवजी तक्त्यातला सेंटीमीटरचा रकाना बघा, आणि त्याच कंपनीचा. एका कंपनीचा ८ दुसऱ्या कंपनीच्या ८ सारखा बसेलच असं नाही, कारण फर्मे वेगळे.

दुकानात काय तपासायचं

आधी आतला सुटा तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढा आणि मोजा घालून त्यावर उभे राहा. इतकी साधी आणि इतकी खरं सांगणारी परीक्षा दुसरी नाही. लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे आडव्या अंगठ्याच्या साधारण निम्म्या रुंदीइतकी, जागा दिसली पाहिजे. चवडा दोन्ही बाजूंनी तळाबाहेर सांडत असेल तर तो बूट रुंदीला कमी आहे आणि ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर घेऊ नये. कातडं थोडं सैलावतं. जाळी आणि नायलॉन फारसं सैलावत नाही.

लहानपणी अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या पायांचा चवडा पसरट आणि टाच त्या मानानं अरुंद असते. अरुंद फर्म्यावरच्या बुटात असा पाय करंगळीपाशी दाबला जातो. तेव्हा लोक नंबर वाढवतात. रुंदी जेमतेम मिळते आणि लांबी फुकट वाढते, मग टाच आत वर-खाली होते आणि फोड येतात. खरा उपाय रुंद फर्म्याचा बूट. पुरुषांच्या बुटांत रुंदी अक्षरांत लिहिलेली असली, तर डी ही नेहमीची, टू-ई रुंद आणि फोर-ई जास्त रुंद.

नाड्या बांधून टाच मागे ठोकून बसवा आणि चाला. टाच आत दोन-तीन मिलिमीटर उचलली गेली तर चालेल, त्याहून जास्त नको. मग उतार शोधा: दुकानात रॅम्प नसेल तर जिना. पायऱ्या उतरताना पाऊल मुद्दाम जोरात टाका. बोटं पुढे लागली तर तो बूट तिथेच परत द्या. चढताना टाचेकडे लक्ष, उतरताना बोटांकडे. निदान पंधरा मिनिटं घालून फिरा. दुकानदाराची घाई हे आपलं कारण नव्हे.

बूट हातात घेऊन दोन गोष्टी करा. टोक आणि टाच धरून दाबा: तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध, पायाच्या कमानीखाली वाकत असेल तर आत आधाराची पट्टी नाही आणि दगडधोंड्यांत तळपाय संध्याकाळी ठणकणार. मग कपडा पिळतात तसा पिळून बघा. थोडा पिळला जावा, चिंधीसारखा नको. टाचेमागची वाटी अंगठ्यानं दाबा, ती घट्ट हवी. शेवटी सोल आणि अपर यांच्या जोडाची रेघ पूर्ण फिरवून बघा. कुठे फट, कुठे वाळलेला गोंद ओघळलेला दिसला तर दुसरा जोड मागा.

डब्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तेही वाचा. मिडसोल पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या बाष्पानं तो आतून कुजत जातो, बूट वापरला नाही तरीही. पाचेक वर्षं पडून राहिलेला असा बूट पहिल्याच ट्रेकला बिस्किटासारखा चुरतो. सवलतीत मिळणारा जुना माल म्हणूनच तारीख बघून घ्यावा. ईव्हीएचा असा चुरा होत नाही, तो फक्त दबतो.

कातळ, घसारा आणि रबर

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. कोरडा असेल तर त्यावर मऊ रबर सुरेख धरतं; ओला असेल तर रबराचा मऊपणा आणखी मोलाचा ठरतो. टणक रबराचा सोल जास्त दिवस टिकतो पण ओल्या कातळावर घसरतो. दुकानात सोलच्या खुंटीत, म्हणजे तळाच्या रबरी उंचवट्यात, नख रुतवून बघा: किंचित दबून परत आलं तर बरं, काचेसारखं कडक लागलं तर सोडून द्या. मराठी ट्रेकर मंडळींत ॲक्शनचे साधे ट्रेकिंग शूज वर्षानुवर्षं टिकून आहेत ते याच गुणावर. किंमत कमी, देखणेपण बेताचं, पण कातळावर पकड.

खुंट्यांची खोली ४ ते ५ मिलिमीटर पुरे. त्या दाट असतील तर लाल मातीचा चिखल मध्ये भरतो आणि सोल सपाट होऊन जातो. मोकळ्या असतील तर चालताना चिखल आपोआप झडतो. शेवाळावर मात्र कुठलंही रबर धरत नाही. हरिहरच्या पायऱ्या भर पावसात चढताना भरवसा खोबणीत रुतवलेल्या बोटांवर ठेवायचा, बुटावर नाही.

मऊ रबराची किंमत म्हणजे झीज, आणि ती सगळ्यांत जास्त डांबरावर होते. ट्रेकचे बूट ऑफिसला, बाजारात घालू नका. बाइकनं पायथ्याच्या गावी जाणाऱ्यांनी डाव्या बुटाचं टोक बघावं: गिअर वर ओढताना लिव्हर नेमकी अंगठ्यावरच्या जाळीला घासते आणि काही महिन्यांत तिथे भोक पडतं. लिव्हरवर रबरी नळीचा तुकडा चढवा, किंवा बाइकवर दुसरे बूट घालून पायथ्याशी बदला.

घोट्यापर्यंतचा बूट घ्यावा की आखूड? उंच कॉलरमुळे पाय मुरगळत नाही, हा समज फार पसरला आहे. हलक्या बुटाची मऊ कॉलर घोटा मुरगळण्यापासून फारसा वाचवत नाही; तो वाचतो पायाच्या ताकदीनं आणि नीट टाकलेल्या पावलानं. कॉलरचा खरा उपयोग म्हणजे घसाऱ्यातले, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावरचे, खडे आत येत नाहीत आणि कारवीच्या काठ्या घोट्याला ओरबाडत नाहीत. घसाऱ्याच्या वाटेला, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या दगडांच्या घळीत, उंच बूट. रुळलेल्या वाटेला आखूड पुरतो.

पाणी: आत येणारच, बाहेर कसं जाईल ते बघा

वॉटरप्रूफ बुटात अस्तराजवळ एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान पण वाफेपेक्षा मोठी असतात, म्हणून घाम वाफ होऊन बाहेर पडतो आणि पाणी आत येत नाही. हिमालयातल्या बर्फाला, हिवाळ्यातल्या दवाला हे उत्तम. पण जुलैतल्या सह्याद्रीत पाणी वरून, कॉलरमधून येतं. गुडघाभर ओढा ओलांडला की बूट भरतो आणि तोच पडदा मग पाणी आत धरून ठेवतो. शिवाय बाहेरची हवा बाष्पानं भरलेली असताना घामाच्या वाफेला बाहेर पडायला वावच उरत नाही. पावसाळी ट्रेकला साधा जाळीचा, निथळणारा बूट घ्या असं आम्ही ठामपणे सांगू. तो भिजतो, पण पुढच्या काही मिनिटांत प्रत्येक पावलाला पाणी पिळून बाहेर टाकतो.

ओढा ओलांडताना बूट काढून अनवाणी जाऊ नका. पाण्याखालचा दगड दिसत नाही. मोजे आणि इनसोल काढून पिशवीत टाका, नुसते बूट घालून पार व्हा, पलीकडे बूट उलटे करून निथळा आणि मग कोरडे मोजे चढवा.

पाऊस सरला की दुसरा त्रास सुरू होतो, कुसळांचा. वाळलेल्या गवताची कुसळं जाळीतून आत शिरतात आणि मोज्यात रुतून पायाला टोचतात. ती बाहेरून ओढली तर टोक तुटून आतच राहतं. हात बुटात घालून टोक चाचपा आणि चिमट्यानं आतल्या बाजूनं, शिरलं त्याच दिशेनं, पुढे ओढून काढा.

मोजे आणि नाड्या

सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला होऊन चुरगळतो आणि घडीखाली फोड येतो. लोकर किंवा नायलॉन-पॉलिएस्टरचा, टाचेला जाड, घट्ट बसणारा मोजा घ्या. एक जोड जास्तीचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. नखं ट्रेकच्या एक-दोन दिवस आधी सरळ रेषेत कापा.

नाड्यांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि निम्मी दुखणी तिथेच सुटतात. टाच उचलली जात असेल तर टाच-बांध घाला. नेहमीसारखी नाडी शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत आणा. मग प्रत्येक टोक दुसऱ्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घाला, म्हणजे दोन्हीकडे एकेक छोटा फास तयार होतो. आता डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं डाव्या फासातून ओवा आणि खाली, टाचेच्या दिशेनं ओढा. टाच मागच्या वाटीत बसल्याचं लगेच जाणवतं. मग गाठ. वर हूक असलेल्या बुटात खालच्या हुकापाशी नाडीला दोन वेढे देऊन घट्ट केलं तरी हेच काम होतं.

पावलाच्या वरच्या फुगवट्यावर दाब येत असेल तर त्या जागी नाडी आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या, एक चौकोनी खिडकी सुटते. चवडा आवळत असेल तर सगळ्यांत खालचं भोक सोडून द्या. चढताना घोट्यापाशी सैल, उतरायला लागण्याआधी थांबून पुन्हा घट्ट. माथ्यावरून निघताना हे एक मिनिट दिलं तर नखं वाचतात.

नवा बूट थेट मोठ्या ट्रेकला नेऊ नये. आधी घरात तासभर, स्वच्छ फरशीवर, म्हणजे बदलायचा झाला तर बदलता येतो. मग एक-दोन आठवडे जवळच्या टेकडीवर, मग सिंहगडासारखी पाठीवर थोडं ओझं घेऊन एक फेरी. टाचेला कुठे गरम लागायला लागलं की तिथेच थांबा. फोड येण्याआधीची ती सूचना असते. कोरडं करून त्यावर वैद्यकीय चिकटपट्टी सपाट, घडी न पडू देता लावा.

घरी आल्यावर

बूट डोंगरापेक्षा घरी जास्त मरतात. ओले, चिखलाचे बूट पिशवीत बांधून आठवडाभर गॅलरीत ठेवले की गोंद ढिला होतो, अस्तराला बुरशी येते आणि वाळलेला चिखल जाळीचे धागे कापतो.

त्याच संध्याकाळी नाड्या सैल करा, इनसोल काढा. माती मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं काढा, खुंट्यांमधली काडीनं. वॉशिंग मशीन नको, कपड्यांची पावडरही नको. ती कापडात राहते आणि पाणी झटकण्याचा गुण घालवते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदला. ओले बोळे तसेच ठेवले तर फायदा शून्य. पंख्याखाली, सावलीत, आडवे ठेवून वाळू द्या. कोरड्या हवेत एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन.

चुलीपाशी किंवा शेकोटीशी बूट वाळवणं हा सगळ्यांत महागात पडणारा प्रकार. हात पोळेल इतक्या उष्णतेत गोंद मऊ पडतो आणि ईव्हीए आकसतो. सोल जागच्या जागी राहिलेला दिसतो आणि पुढच्या ट्रेकला टोकाकडून जबडा वासतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बुटाचंही तेच होतं. बुरशी आली तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळवा.

सोल सुटला तर

वाटेत सुटला तर सुतळी किंवा जादा नाडी टोकावरून आडवी गुंडाळून बांधा, गाठ बुटाच्या वर ठेवा, तळाशी नको. प्लॅस्टिकच्या केबल टायही चालतात. खडकावर घासून तासाभरात तुटतील, म्हणून पाच-सहा बरोबर ठेवा.

घरी आल्यावर पटकन सुकणारा सुपर ग्लू लावू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि पाऊल दुमडलं की तडकतो. शिवाय नंतर खरवडून निघत नाही. दोन्ही बाजूंचा जुना गोंद खरवडा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं पृष्ठभाग खरखरीत करा, धूळ पुसा. सिंथेटिक रबराचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटेल पण ओलं लागणार नाही, तेव्हाच जोडा. ओला असतानाच दाबला तर आतला द्रावक अडकतो आणि जोड कधीच घट्ट होत नाही. सायकलची जुनी ट्यूब पट्टीसारखी कापून बुटाभोवती ताणून गुंडाळा आणि २४ तास हात लावू नका. मग मोच्याकडून फक्त टोकाला आणि टाचेला नायलॉनच्या दोऱ्यानं टाके घालून घ्या. खालून टाका खुंट्यांमधल्या खाचेत बसवायला सांगा. खुंटीवर आलेला दोरा पहिल्या कातळावरच घासून तुटतो. वॉटरप्रूफ बूट असेल तर टाक्याच्या भोकांतून पाणी शिरतं हे गृहीत धरा.

खुंट्या २ मिलिमीटरच्या आत झिजल्या, किंवा टेबलावर ठेवलेला बूट मागून बघताना एका बाजूला कललेला दिसला, तर गोंद-टाक्यांचा खर्च वाया आहे. मिडसोलच्या कडेला आडव्या बारीक सुरकुत्या पडून त्या बूट रिकामा असतानाही उलगडत नसतील, तर फोम संपला. असा बूट वरून धडधाकट दिसला तरी उतरणीचा प्रत्येक धक्का गुडघ्यापर्यंत पोचवतो. त्याच्या नाड्या, धड असतील तर इनसोल काढून ठेवा आणि बूट बागकामाला द्या.